पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला कोणती काच? ब्राऊन, रिफ्लेक्टिव्ह, डबल, की आधी दुसरंच काही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अमळनेरला घर बांधताय, काम लिंटेलपर्यंत (खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईपर्यंत) आलंय, हॉलला पश्चिमेकडे रस्त्याच्या बाजूने ८ बाय ५ फुटांची खिडकी ठेवलीय, आणि आता तीन माणसं तीन गोष्टी सांगताहेत. मिस्त्री म्हणतो ८ एमएमची जाड काच लावा गर्मी येणार नाही, काचवाला म्हणतो ब्राऊन घ्या सगळेच घेतात, आणि पुण्याचा भाचा म्हणतो डबल ग्लासशिवाय दुसरं काही लावूच नका. पैसे एकदाच घालायचेत तर खरं काय ते सांगा, असं तुम्ही विचारलंय.

मी २००३ पासून जळगावला ॲल्युमिनियम सेक्शन (खिडकीची चौकट) आणि काचेचंच काम करतोय, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत खिडक्या बसवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिघांपैकी कोणीच पूर्ण चूक नाहीये पण तुमच्या खिडकीसाठी तिघांचंही उत्तर अपुरं आहे, कारण तिघंही काचेबद्दल बोलताहेत आणि उन्हाबद्दल कोणीच बोलत नाहीये. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी चारनंतर जे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं ना, ते काचेला पोचायच्या आधी बाहेरच अडवलं तर साधी काचसुद्धा चालते, आणि ते नाही अडवलं तर महागातली काच लावूनही हॉल तापतोच, थोडा कमी तापतो एवढंच.

आता आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

कुठल्याही काचेच्या डेटाशीटवर एसएचजीसी नावाचा आकडा असतो, सोलर हीट गेन कोएफिशियंट. काचेवर बाहेरून जेवढी उन्हाची उष्णता पडते त्यातला किती हिस्सा शेवटी घरात येतो, तो हा आकडा. ०.८२ म्हणजे शंभरातले ८२ घरात. यात दोन वाटा असतात. एक वाटा काचेतून सरळ आरपार येतो. दुसरा वाटा काच स्वतः पिऊन घेते, तापते आणि मग त्यातला थोडा आत फेकते थोडा बाहेर फेकते. हा दुसरा वाटा लोक विसरतात आणि ब्राऊन काचेची सगळी गंमत त्यातच आहे, पुढे सांगतो.

मे महिन्यात अमळनेरला घड्याळातले साडेचार वाजतात तेव्हा सूर्याचे साधारण चार वाजलेले असतात, कारण भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण ७५ च्या आसपास आहोत, म्हणजे सूर्य आपल्याकडे जवळजवळ अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून फक्त ३४ अंश वर असतो आणि बरोबर पश्चिमेच्या खिडकीसमोर असतो. पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर तेव्हा दर चौरस मीटरला ६०० ते ६५० वॅट उष्णता पडते, स्वच्छ आकाश धरून. तुमची खिडकी ४० चौरस फूट, सेक्शन वगैरे वजा केलं तर काच राहते ३५ चौरस फूट म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. म्हणजे काचेवर बाहेरून पडणारी उष्णता झाली साधारण २,१०० वॅट. त्यातलं आत किती येतं ते बघा:

साधी ६ एमएम काच, एसएचजीसी ०.८२, आत येतात १,७०० वॅटच्या वर.
मिस्त्रीची ८ एमएम साधी, ०.८० च्या आसपास, १,६८०. म्हणजे जाडीने काही होत नाही.
साधी डबल काच, मधे १२ एमएम हवा, ०.७०, जवळपास १,५००.
ब्राऊन ६ एमएम, ०.६० च्या आसपास, १,२५० ते १,३००.
रिफ्लेक्टिव्ह, चांगल्यापैकी, ०.४०, साधारण ८५०.
सोलर कंट्रोल लो-ई कोटिंगची (धातूचा अतिशय पातळ थर दिलेली) डबल काच, ०.२८ धरू, साधारण ६००.
साधीच काच, पण बाहेरून ८० टक्के ऊन अडवणारी बांबूची चिक किंवा जाळी, साधारण ३५०.

शेवटची ओळ परत वाचा ताई. सगळ्यात स्वस्त काच आणि बाहेर अडोसा, हे सगळ्यात महाग काचेला मागे टाकतं. १,७०० वॅट म्हणजे काय तर पाणी तापवायचा रॉड असतो ना, तसा एक मोठा रॉड हॉलमध्ये रोज तीन तास चालू ठेवल्यासारखं. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे तुमचा अर्धा टन एसी नुसत्या त्या एका खिडकीच्या मागे लागणार.

बाहेरून अडवणं आणि आतून पडदा लावणं यात इतका फरक का, हे मला लोक नेहमी विचारतात. उन्हातली उष्णता दोन रूपांत येते, निम्म्यापेक्षा थोडी कमी दिसणारा उजेड आणि निम्म्याच्या आसपास न दिसणारी इन्फ्रारेड, अल्ट्राव्हायोलेट फक्त चार-पाच टक्के. साधी काच हे बहुतेक सगळं आत सोडते. आत आल्यावर ते फरशीवर, सोफ्यावर, पडद्यावर पडतं, त्या वस्तू तापतात आणि त्याही उष्णता सोडायला लागतात, पण ती वेगळ्या जातीची, लांब लहरींची असते आणि तिला काच आरपार जाऊ देत नाही. म्हणजे काच हे एकतर्फी दार आहे, आत यायला मोकळं आणि बाहेर जायला बंद. आतला पडदा तापला की तो घरातच तापला. पांढरा किंवा फिकट पडदा थोडं ऊन उजेडाच्या रूपात परत काचेबाहेर फेकतो, म्हणून फिकट पडद्याने थोडा फायदा होतो, पण गडद मरून, चॉकलेटी वेल्वेटचे पडदे पश्चिमेला लावणं म्हणजे खिडकीत शेगडी टांगण्यासारखं. बाहेरची चिक तापली तर ती बाहेर तापते, वारा तिची उष्णता घेऊन जातो, घराचा संबंध नाही.

ब्राऊन काचेचं आता. आपल्याकडे ब्राऊन काचेचं एवढं वेड का आहे ते मला समजतं, बाहेरून आतलं कमी दिसतं, धूळ कमी दिसते, आणि हात धरून बघितलं तर ऊन मऊ वाटतं. पण ब्राऊन काच ऊन परत पाठवत नाही, पिते. जवळजवळ निम्मी उष्णता ती स्वतः घेते. बाहेर ४३ डिग्री, आत ३० डिग्री आणि वर सांगितलेलं ऊन असं धरून हिशोब केला तर साधी काच ४२ च्या आसपास राहते आणि ब्राऊन काच ५० च्या पुढे जाते. म्हणजे तुम्ही खिडकीजवळ सोफ्यावर बसलात तर तुमच्या पाठीशी ३५ चौरस फुटांचा तवा आहे. खोलीतला थर्मामीटर ३० दाखवेल आणि माणसाला तरी घाम येईल, कारण शरीराला हवेइतकीच समोरच्या गरम पृष्ठभागाचीही झळ लागते. धुळ्याचे एक आजोबा मला म्हणाले होते, "हाई घर शे का भट्टी?" आणि घरात दीड टनाचा एसी चालू होता. खिडकी पश्चिमेची, काच ब्राऊन.

टिंटेड, म्हणजे रंगीत काच, घ्यायचीच असेल तर हिरवी बघा, असं मी सांगतो. हिरव्या काचेतलं लोह इन्फ्रारेड जास्त खातं आणि उजेड जास्त सोडतं. ब्राऊन ६ एमएम उजेड सोडते ५० टक्क्यांच्या आसपास, हिरवी ७५ टक्क्यांच्या आसपास, आणि एसएचजीसी दोन्हीचा जवळजवळ सारखाच, ०.६० च्या आगेमागे. म्हणजे तेवढीच गर्मी पण उजेड दीडपट. लोकांना हिरवा रंग दवाखान्यासारखा वाटतो म्हणून घेत नाहीत, त्याला माझा इलाज नाही. पण भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसलेली ब्राऊन काचेची घरं मी इतकी बघितलीत की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उजेडाचा आकडा भागिले एसएचजीसी करून बघायची सवय लावा, काच हुशार आहे की नुसती काळी आहे ते लगेच कळतं. साधी काच १.१ च्या आसपास येते, ब्राऊन ०.८ म्हणजे उजेड कापते जास्त आणि गर्मी कमी कापते, हिरवी १.२५, आणि चांगली सोलर कंट्रोल लो-ई १.५ ते २ पर्यंत जाते. गडद म्हणजे थंड, हा समज डोक्यातून काढायचा असेल तर हा एक भागाकार पुरतो.

टिंटेड काचेचा दुसरा धोका म्हणजे ती तडकते. माझ्या हातून झालेलं सांगतो. सुरुवातीच्या काळात भुसावळच्या एका दुकानाला पश्चिमेकडे साधी, म्हणजे टफन (भट्टीत तापवून मजबूत) न केलेली ब्राऊन काच बसवली, वर दुकानाचा खोल बोर्ड, त्याची सावली काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर. मे महिन्यात काच कडेपासून तडकली. मालकाला वाटलं पोरांनी दगड मारला, मलाही तसंच वाटलं, नवीन बसवली तर तीही पुढच्या उन्हाळ्यात तशीच गेली. मग नीट बघितलं तर तडा कडेपासून बरोबर काटकोनात निघालेला आणि पुढे वाकडा गेलेला. दगडाचा तडा तसा नसतो, तो मारलेल्या जागेपासून चांदणीसारखा पसरतो. झालं असं की उन्हातला भाग ५० च्या वर तापून पसरत होता आणि सावलीतला भाग आणि सेक्शनमध्ये दाबलेली कड थंडच, दोघांच्या ओढाताणीत कड फाटली. तेव्हापासून पश्चिमेला, दक्षिण-पश्चिमेला टिंटेड किंवा रिफ्लेक्टिव्ह काच मी टफन केल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाईक वाढीव पैशासाठी नाराज होतं, होऊ दे. आणि हो, टफन काच कापता येत नाही, माप घेतल्यावर मग टफन होते, म्हणून माप घाईत देऊ नका, सेक्शन बसल्यावर द्या.

फिल्मचंही तेच. आतून डार्क फिल्म चिकटवली की काच जास्त तापते, साधी काच असेल तर तडकायची भीती, डबल काचेवर तर भीती अजून जास्त. स्वस्त रंगाची फिल्म उजेडच जास्त कापते, दोन-चार उन्हाळ्यांत जांभळी पडते, फुगे येतात. मेटलची किंवा सिरॅमिक फिल्म चांगली असते, भाड्याच्या घरात जिथे बाहेर काही करता येत नाही तिथे मी ती सुचवतो. "यूव्ही ९९ टक्के कट" असं लिहिलेलं असतं ते खरं असतं पण त्याचा गर्मीशी फार संबंध नाही, यूव्ही मुळात चार-पाच टक्केच आहे, त्याने सोफ्याचा रंग टिकेल, हॉल थंड होणार नाही. लॅमिनेटेड काचेला पण हेच लागू, मधला पीव्हीबीचा (प्लास्टिकचा) थर यूव्ही जवळजवळ सगळा अडवतो, चोरापासून आणि आवाजापासून चांगली, पण साधी लॅमिनेटेड ऊन थांबवत नाही.

रिफ्लेक्टिव्ह काच गर्मी खरंच कमी करते, ती ऊन परत पाठवते. पण तुमची खिडकी रस्त्यावर आहे, समोरच्या घरात संध्याकाळी सगळी तिरीप जाईल, शेजाऱ्यांशी भांडण नको असेल तर विचार करा. दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही हे खरं, पण रात्री आत लाइट लागला की उलट होतं, बाहेरून सगळं दिसतं आणि आतून तुम्हाला स्वतःचाच चेहरा. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही म्हणून मी आवर्जून सांगतो.

आता भाच्याची डबल काच. भाचा शिकलेला आहे आणि त्याचं म्हणणं थंड देशांच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे. डबल काचेचं मुख्य काम आतली आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकामुळे जी उष्णता वाहते ती थांबवणं. त्याला यू व्हॅल्यू म्हणतात. साध्या एका काचेची ५.७ च्या आसपास, साध्या डबलची २.८ च्या आसपास, लो-ई डबलची १.६ ते १.८. तुमच्या खिडकीला, बाहेर ४४ आत २७ धरून, साध्या काचेतून असे ३१५ वॅट येतात आणि डबलने ते १५५ होतात. वाचले १६०. पण उन्हाचे जे १,७०० आहेत ते साध्या डबल काचेने १,५०० च्या जवळच राहतात. म्हणजे मोठा चोर पुढच्या दाराने येतोय आणि आपण मागच्या खिडकीला कुलूप लावतोय. जिथे हिवाळ्यात बाहेर उणे दहा आणि आत वीस, म्हणजे ३० डिग्रीचा फरक रात्रंदिवस महिनोन्‌महिने असतो तिथे ही काच सोन्यासारखी आहे. आपल्याकडे आधी ऊन, मग हवा.

आणि खानदेशात एक गोष्ट अशी आहे की ती पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात कधीच येत नाही, ती म्हणजे कूलर. तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये कूलर आणि एका बेडरूममध्ये एसी. कूलर चालवायचा तर हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते, नाहीतर हॉल दमट होऊन चिकचिक होते. आता ज्या खिडकीचं एक फाटक दिवसभर अर्ध उघडं आहे तिला डबल काच लावून यू व्हॅल्यूचे पैसे वसूल कसे होणार? होणार नाहीत. उघड्या खिडकीतून ४४ ची हवा तशीही ये-जा करतेय. पण उन्हाचं तसं नाही, सरळ ऊन कूलरच्या खोलीतही तेवढंच त्रास देतं, कारण ते फरशी आणि भिंती तापवतं आणि रात्री अकरापर्यंत तुम्हाला ती धग भोगावी लागते. म्हणून कूलरच्या खोलीला डबल काचेचा हट्ट सोडा आणि उन्हाचा अडोसा पक्का करा. एसीच्या बंद बेडरूमला, तिथे पश्चिमेची खिडकी असेल तर, सोलर कंट्रोल लो-ई डबल काचेचा विचार जरूर करा, तिथे ती वसूल होते.

ती घेतलीच तर दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. लो-ई म्हणजे काचेवर चांदीसारख्या धातूचा अतिशय पातळ थर, चांगला सॉफ्ट कोटचा थर उघड्यावर टिकत नाही, तो दोन काचांच्या मधल्या बंद जागेतच पाहिजे. काचेचे पृष्ठभाग बाहेरून मोजतात, रस्त्याकडचा १, मग २, मग ३, आणि खोलीतला ४. आपल्या गरम प्रदेशात कोटिंग २ नंबरवर पाहिजे, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला, मग ती काच जी उष्णता पिते ती बाहेरच सोडते. तेच युनिट उलटं बसवलं तर कोटिंग ३ वर येतं, आतली काच तापते आणि एसएचजीसी वाढतो, पैसे पूर्ण गेले आणि काम अर्धं झालं. धुळ्याला एका दवाखान्यात माझ्याच पोरांनी दोन युनिट उलटी बसवली होती, दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, मलाही बसवताना कळलं नाही. तिसऱ्या युनिटपेक्षा ही दोन हाताला आतून गरम लागतात असं डॉक्टरांच्या लक्षात आलं, मी खर्चाने काढून पालटून दिली. तेव्हापासून लायटर घेऊन जातो. काचेसमोर लायटरची ज्योत धरा, डबल काचेत चार प्रतिबिंबं दिसतात, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं, थोडं गुलाबी किंवा निळसर, तेच कोटिंग. बाहेर उभं राहून तुमच्या बाजूने दुसरं प्रतिबिंब वेगळं दिसलं तर बरोबर, तिसरं दिसलं तर उलटं. एकही वेगळं नाही दिसलं तर लो-ईच नाहीये, नुसती डबल आहे आणि बिल लो-ईचं आहे. हे बिलाचे पैसे देण्याआधी करा.

दुसरी गोष्ट सील. दोन काचांच्या मधली जागा कडेने बंद केलेली असते, आत ओलावा शोषणारे दाणे असतात, सील हलकं असेल तर आपल्या उन्हात ते सुकून फुटतं आणि पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते, ती पुसता येत नाही, पूर्ण युनिट बदलावं लागतं. हाताने दुकानात चिकटवून दिलेली डबल काच घेऊ नका, कारखान्यात झालेलं युनिट घ्या आणि लेखी वॉरंटी घ्या. सेंट-गोबेन, एआयएस, गार्डियन वगैरे कंपन्या प्रत्येक काचेचा एसएचजीसी, यू व्हॅल्यू आणि उजेडाचा आकडा छापतात, काचवाल्याला नाव आणि कोड विचारा. कोड नाही सांगता आला तर ती कोणती काच आहे हे त्यालाही माहीत नाही.

सरकारी नियमांतही हाच आकडा आहे. ईसीबीसी २०१७ हे ऊर्जा बचतीचे नियम व्यापारी इमारतींसाठीचे, त्यात आपल्यासारख्या गरम भागात उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेला एसएचजीसी ०.२७ च्या वर नको म्हटलं होतं, उत्तरेला ०.५० पर्यंत चालत होता. घरांसाठी इको निवास संहिता २०१८ आली, त्यात काच, भिंत, दिशा, छज्जा सगळं मिळून भिंतींमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायला सांगितलं होतं. छज्जा आणि अडोसा मोजायची सोय दोन्हींत आहे, म्हणजे सावलीचं महत्त्व नियम लिहिणाऱ्यांनीही मानलंय.

दिशांचं आता पटकन सांगतो, कारण एकच काच सगळ्या घराला लावायची चूक फार होते. अमळनेर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मे च्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी चक्क थोडा उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला आपल्याकडे उन्हाळ्यात सरळ ऊन जवळजवळ लागतच नाही, जे लागतं ते इतकं तिरकं की काचेवरून निसटतं. दक्षिणेला २ फुटी छज्जा पुरतो. २१ मार्चला दुपारी सूर्य ६९ अंशांवर असतो, तेव्हा २ फुटी छज्जा खाली ५ फूट सावली देतो, म्हणजे पूर्ण खिडकी. आणि डिसेंबरमध्ये सूर्य ४५ अंशांवर उतरतो तेव्हा तोच छज्जा फक्त २ फूट सावली देतो आणि खालच्या ३ फुटांतून ऊन घरात येतं, जे थंडीत आपल्याला पाहिजेच असतं, धुळे-अमळनेरकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. तिथे महागाची सोलर कंट्रोल काच लावली तर हिवाळ्याचं ऊनही गेलं. तुमच्या स्वयंपाकघराची दक्षिणेची खिडकी साधी ५ एमएम ठेवा.

उत्तरेला जून-जुलैमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन येतं, सूर्य पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी पट्टी, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला फूट-दीड फुटाचा उभा फिन, एवढं बास. पूर्वेचं ऊन कोनाच्या हिशोबाने पश्चिमेइतकंच आहे पण तेव्हा घर आणि हवा रात्रभर निवलेली असते, त्रास कमी.

पश्चिमेला मात्र छज्जा हरतो. साडेचारला सूर्य ३४ अंशांवर, २ फुटी छज्जाची सावली फक्त सव्वा फुटाच्या आसपास. साडेपाचला सूर्य २० अंशांवर, सावली पाऊण फूट. ५ फुटांच्या खिडकीत सव्वाचार फूट ऊन. आणि ते काचेवर जवळजवळ सरळ येतं, म्हणजे तिरकेपणाचा फायदा तिथे काच देत नाही. छज्जा पावसासाठी ठेवा, उन्हासाठी उभं काहीतरी पाहिजे.

उभं म्हणजे काय काय चालतं तर बांबूची चिक सगळ्यात सोपी, खालून दोरीने गुंडाळता येते, सातपर्यंत खाली, सूर्य गेला की वर. शेडनेट, जे आपल्याकडे केळीच्या रोपांच्या नर्सरीवर लावतात तेच, ७५ टक्क्यांचं घ्या, चौकटीवर ताणून खिडकीपासून सहा ते नऊ इंच बाहेर लावा, चिकटवून लावू नका, मधून वारा गेला पाहिजे नाहीतर नेटची उष्णता काचेला लागते. दिसायला बरं पाहिजे असेल तर ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची उभी पट्ट्यांची चौकट, पट्ट्या उत्तर-पश्चिमेकडे झुकवलेल्या नकोत, उलट दक्षिणेकडे थोड्या वळवा, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. जागा असेल तर सात-आठ फुटांवर कडुनिंब, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि एप्रिलपर्यंत परत भरतो, म्हणजे आपल्याला पाहिजे तेव्हा सावली तयार. झाड मोठं होईपर्यंत मधुमालतीचा वेल जाळीवर चढवा, दोन वर्षांत खिडकी झाकतो.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि पुढे ओसरी असायची, आखाजीला झोके बांधायच्या दिवसांत दुपारी त्या घरात झोप लागायची, ती मी आजीच्या घरी अनुभवलीय. ओसरी म्हणजे उन्हाला भिंतीपासून आठ फूट लांब थांबवणं, दुसरं काय. तुम्हाला पश्चिमेला दोन-अडीच फूट जागा सोडता येत असेल तर वर पत्रा आणि समोर जाळी, अशी छोटी ओसरीच करून टाका, काचेचा प्रश्नच मिटतो.

सेक्शनबद्दल एवढंच की ॲल्युमिनियम उष्णता फार पटकन वाहून नेतं, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि लाकूड जवळजवळ नेतच नाहीत, त्यामुळे पश्चिमेला काळा किंवा गडद कॉफी पावडर कोटिंगचा ॲल्युमिनियम सेक्शन नको, पांढरा घ्या. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, रात्रीचा गार वारा घ्यायचा असेल तर पूर्ण उघडणारी दारं बरी, मच्छरजाळी आतून. आणि तुमचं घर एकमजली आहे म्हणून सांगतो, भर दुपारी स्लॅबवर दर चौरस मीटरला ९५० ते १,००० वॅट पडतात, खिडकीचे पैसे वाचवून आधी गच्चीवर पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) किंवा निदान दरवर्षी चुन्याचा हात मारा.

तर तुमच्या घराला मी असं करीन. पश्चिमेची खिडकी ८ बाय ५ ऐवजी ५ बाय ४ करा, लिंटेल अजून पडलेलं नाही तर थोड्या विटा आणि दोन माणसांचंच काम आहे, काच पस्तीस चौरस फुटांवरून निम्म्यावर येईल आणि उन्हाची उष्णताही निम्मी होईल. त्या खिडकीला हिरवी ६ एमएम टफन, पांढऱ्या सेक्शनमध्ये, बाहेरून चिक किंवा उभ्या पट्ट्यांची चौकट. उत्तर-दक्षिणेला साधी ५ एमएम. एसीच्या बेडरूमची खिडकी उत्तरेला आहे म्हणालात, तिथेही साधीच, पण रबर गॅस्केट नीट बसवून घ्या, फटींतून थंड हवा जाते. डबल काच या घरात मला कुठेच लागत नाहीये.

आणि मिस्त्रीला आत्ताच सांगा की पश्चिमेच्या लिंटेलमधून चिकेसाठी चार हुक आणि पट्ट्यांच्या चौकटीसाठी दोन्ही बाजूंना ८ एमएमच्या सळया नऊ इंच बाहेर सोडून ठेव, काँक्रीट पडल्यावर ड्रिल मारून लावलेले फास्टनर वैशाखातल्या वावधानात सैल व्हायची भीती असते.